लॅम्प्सचा कोड आतून: एका अणूचा असा क्लासच नाही, आणि तेच बरंय

लॅम्प्स (LAMMPS) म्हणजे अणुरेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर. ते वापरायचं कसं, इनपुट स्क्रिप्ट कशी लिहायची, याचे व्हिडिओ आणि नोट्स ढिगाने सापडतात, त्यामुळे ते इथे परत उगाळत नाही. हा रिव्ह्यू त्याच्या आतल्या कोडचा आहे, आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीचा, डेटा ठेवलाय कसा. स्वतःचं सिम्युलेशन लिहायला बसलेल्या प्रत्येकाला, मग ते अणुरेणूंचं असो, वाळूच्या कणांचं असो की गर्दीतल्या माणसांचं, पहिल्या तासाभरातच प्रश्न पडतो की पार्टिकल ठेवू कशात, व्हेक्टरमध्ये, लिस्टमध्ये, मॅपमध्ये की पॉइंटरच्या व्हेक्टरमध्ये, आणि याची उत्तरं दहा जण दहा प्रकारे देतात. त्यापेक्षा इतकी वर्षं जगभर पळत असलेला कोड उघडून बघितलेला बरा. फुकट आहे, जीपीएल आहे, गिटहबवर पडलाय, कुणाला विचारायचीही गरज नाही.

थोडी कुंडली सांगते. अमेरिकेतल्या सँडिया लॅबमधून आलेलं हे सॉफ्टवेअर, सुरुवात १९९० च्या दशकात, स्टीव्ह प्लिम्प्टन हे त्यामागचं मुख्य नाव, त्यांचा १९९५ चा पेपर अजूनही सगळे सायटेशनमध्ये टाकतात. आधी फोरट्रान ७७, मग फोरट्रान ९०, आणि २००४ मध्ये सी प्लस प्लस करून ओपन सोर्स केलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण फोरट्रानच्या घरातून आलेला सी प्लस प्लस कसा दिसतो ते पुढे जागोजागी जाणवतं, आणि माझ्या मते फायदा झालाय तो त्याचाच.

आता कॉलेजात ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) जसं शिकवतात तसं आपण काय करू? पार्टिकल नावाचा बेस क्लास, त्यात पोझिशन, व्हेलॉसिटी, फोर्स, मास, टाइप, आयडी, एक व्हर्च्युअल फंक्शन जे दुसरा पार्टिकल घेतं आणि फोर्स काढतं, मग त्यातून आर्गॉन, सोडियम वगैरे पोरं काढायची आणि सगळ्यांचे पॉइंटर एका व्हेक्टरमध्ये कोंबायचे. व्हायवाला एकदम देखणं दिसतं. पण जरा बाइट मोजा. तीन वेळा तीन डबल म्हणजे ७२, मासचे ८, टाइप आणि आयडीचे मिळून ८, आणि व्हर्च्युअल फंक्शन आहे म्हणून एक लपलेला पॉइंटर ८, झाले ९६ बाइट. दोन कणांमधलं अंतर काढायला यातले लागतात फक्त २४. प्रोसेसर मेमरीतून सुट्टं काही आणत नाही, ६४ बाइटची कॅश लाइन अख्खी उचलतो, म्हणजे दर शेजाऱ्यामागे (ज्याच्याशी फोर्स काढायचा तो जवळचा कण) ६४ आणले आणि २४ वापरले. त्यात प्रत्येक पार्टिकल न्यू करून वेगळा घेतला असेल तर ते मेमरीत कुठे कुठे पडलेत ते देवालाच ठाऊक, पुढचं काय लागेल याचा अंदाज प्रोसेसर तरी कसा बांधणार.

लॅम्प्समध्ये अ‍ॅटम नावाचा क्लास आहे, पण तो एका अणूचा नाहीच. सगळ्या अणूंचा मिळून तो एकच ऑब्जेक्ट. त्याच्या आत साधे अ‍ॅरे: एक्स म्हणजे पोझिशन, व्ही म्हणजे व्हेलॉसिटी, एफ म्हणजे फोर्स, शिवाय टॅग, टाइप, मास्क. अणू म्हणजे फक्त एक इंडेक्स, आय. बास. मास तर बहुतेक वेळा दर अणूला ठेवतच नाहीत, टाइपला एक मास, आणि अणूकडे फक्त टाइपचा नंबर. ज्या अ‍ॅटम-स्टाइलमध्ये, म्हणजे कणांच्या प्रकारात, प्रत्येक कणाचं वजन खरंच वेगळं असतं, उदाहरणार्थ ग्रॅन्युलर (वाळूसारखे कण), तिथेच वेगळा अ‍ॅरे येतो.

मग क्लासेस कशाला ठेवलेत? क्रियापदांसाठी. फोर्स कसा काढायचा तो पेअरचा क्लास, टाइमस्टेपमध्ये कुठल्या टप्प्यावर काय करायचं तो फिक्स, मोजमाप काय घ्यायचं तो कॉम्प्युट. यांच्यात मात्र इनहेरिटन्स, व्हर्च्युअल फंक्शन सगळं पुस्तकी पद्धतीने आहे आणि खरंच सुंदर आहे. नवीन पोटेन्शियल (फोर्स ज्यातून निघतो ते सूत्र) लिहायचं तर पेअरमधून एक क्लास काढा, हेडर फाइलमध्ये वर एका मॅक्रोत नाव लिहा, फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये टाका आणि बिल्ड करा, दुसरीकडे कुठे हातही लावायला लागत नाही, इनपुट स्क्रिप्टमध्ये ते नाव चालायला लागतं. एवढा मोठा प्रोजेक्ट इतक्या बाहेरच्या लोकांनी वाढवला त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आणि हिशोब बघा. त्यांच्या बेंचमार्कच्या फोल्डरमधली लेनर्ड-जोन्सची (दोन अणूंमधल्या फोर्सचं एक साधं, प्रसिद्ध सूत्र) केस ३२,००० अणूंची आहे, कटऑफ, म्हणजे ज्यापलीकडचा फोर्स मोजतच नाहीत ते अंतर, २.५ सिग्मा (सिग्मा म्हणजे साधारण अणूचा व्यास), दर अणूमागे अर्ध्या यादीत, म्हणजे प्रत्येक जोडी एकदाच धरली तर, साधारण ३७-३८ शेजारी. म्हणजे एका स्टेपला १२ लाखांच्या आसपास जोड्या. पार्टिकलवर व्हर्च्युअल फंक्शन ठेवलं तर स्टेपला १२ लाख व्हर्च्युअल कॉल, इथे पेअरच्या कॉम्प्युट फंक्शनला एकच कॉल, आणि आतला लूप सरळ साधा, कंपाइलरला हवा तसा तासता येतो. मेमरीचंही तेच, ३२,००० अणूंचा पोझिशनचा अ‍ॅरे भरतो ७६८ किलोबाइट, आजच्या बऱ्याच प्रोसेसरच्या एल-टू कॅशमध्ये मावेल इतका, तर ९६ बाइटवाले ऑब्जेक्ट होतात ३ मेगाबाइटच्या वर. ओओपी स्लो असतं असं सरसकट बोलणाऱ्यांनी हा कोड वाचावा, ओओपी स्लो नसतं, ते कुठल्या पातळीवर लावताय त्यावर आहे.

इथे एक गंमत आहे जी बरेच जण चुकीची सांगतात. नेटवर सगळीकडे एकच मंत्र, अ‍ॅरे ऑफ स्ट्रक्चर नको, स्ट्रक्चर ऑफ अ‍ॅरे करा, म्हणजे सगळे एक्स वेगळे, सगळे वाय वेगळे, सगळे झेड वेगळे. लॅम्प्सने तसं केलेलं नाही! पोझिशन, व्हेलॉसिटी, फोर्स वेगळे केलेत, पण पोझिशनच्या आत एक्स-वाय-झेड चिकटूनच आहेत. कारण शेजाऱ्यांकडे जाताना आपण सरळ रांगेत जात नाही, ५१७ झाला की ९०३३, मग ११८, असं उड्या मारत जातो, आणि तिन्ही आकडे एकदमच लागतात. तीन वेगळे अ‍ॅरे असतील तर दर उडीला तीन कॅश लाइन, एकत्र असतील तर बहुतेक वेळा एकच. म्हणून मंत्र पाठ करण्याआधी आपला आतला लूप कुठले आकडे एकत्र मागतो ते बघायचं आणि तेवढेच शेजारी शेजारी ठेवायचे. हूमड-ब्लू या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवाले तर पोझिशनचे तीन आणि चौथ्या जागी टाइप असे चारचे गठ्ठे करतात, जीपीयूला चारचा गठ्ठा एका दमात वाचता येतो म्हणून. ग्रोमॅक्स या तिसऱ्या सॉफ्टवेअरने ४.६ व्हर्जनपासून आणखी पुढची उडी मारली, शेजाऱ्यांची यादी अणू-अणूची न ठेवता छोट्या गटांची ठेवली, म्हणजे सिमडी (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) इन्स्ट्रक्शनला एका वेळी भरपूर काम मिळतं, पण तो कोड वाचायला घेतलात तर चहा करून बसा.

मला सगळ्यात आवडलेला तुकडा बिनचा. शेजारी शोधायला आधी बॉक्सचे छोटे छोटे खण करतात आणि कुठला अणू कुठल्या खणात ते लिहितात. आपण काय करू, व्हेक्टरचा व्हेक्टर, किंवा त्याहून वाईट म्हणजे दर खणाला एक स्टँडर्ड लिस्ट. इथे दोन इंटिजर अ‍ॅरे आहेत. बिनहेडमध्ये दर खणातला पहिला अणू, बिन्समध्ये दर अणूमागे त्याच खणातला पुढचा अणू, आणि संपलं की उणे एक. नवीन अणू घालायचा तर बिनहेडमधला जुना नंबर बिन्सच्या आय जागी लिहा आणि बिनहेडमध्ये आय लिहा, दोन ओळींत खेळ खलास. ही लिंक्ड लिस्टच आहे, फक्त तिच्यात एकही पॉइंटर नाही, एकही न्यू नाही, डिलीट नाही, परत पहिल्यापासून बांधायची तर बिनहेडमध्ये उणे एक भरलं की झालं. लिंक्ड लिस्ट वाईट असं ऐकून ऐकून कान किटले असतील तर हे बघा, वाईट असतात त्या मेमरीभर विखुरलेल्या नोड.

शेजाऱ्यांची यादी रोज रोज, म्हणजे दर स्टेपला, बांधत नाहीत. कटऑफच्या वर थोडी स्किन ठेवतात, एलजे (लेनर्ड-जोन्स) युनिटमध्ये ०.३ सिग्मा, मेटल किंवा रिअल युनिटमध्ये २ अँगस्ट्रॉम, आणि कुठलाही अणू स्किनच्या निम्म्याहून जास्त सरकला की मग नवी यादी. यादी कुणाची किती लांब होईल ते आधी माहीत नसतं, तरी दर अणूला वेगळा व्हेक्टर दिलेला नाही. मोठी मोठी पानं घेऊन ठेवलीत, डिफॉल्ट एका पानावर १,००,००० शेजारी, पानावर सलग लिहीत जायचं, पान भरत आलं की पुढचं. एका अणूला २,००० हून जास्त शेजारी निघाले तर प्रोग्रॅम सरळ एरर देऊन थांबतो आणि नेइ-मॉडिफाय (neigh_modify) कमांडमधली वन नावाची सेटिंग वाढवा असं सांगतो. नवख्यांना हा एरर बघून घाम फुटतो, पण बऱ्याचदा तो सांगत असतो की तुमचे अणू एकमेकांच्या उरावर बसलेत किंवा कटऑफ अवाढव्य दिलाय, त्यामुळे आकडा वाढवण्याआधी कॉन्फिगरेशन बघा.

अणू काढून टाकायचा असेल, किंवा तो एका प्रोसेसरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला, तर? मधून काढून बाकीचे सरकवत बसत नाहीत, रांगेतला शेवटचा उचलून रिकाम्या खुर्चीत बसवतात आणि संख्या एकने कमी करतात. म्हणजेच इंडेक्स ही अणूची ओळख नाहीये, ती आजची बसायची जागा आहे. ओळख म्हणजे टॅग, आणि टॅगवरून जागा शोधायला वेगळा मॅप, छोट्या सिस्टीमला सरळ अ‍ॅरे, मोठीला हॅश. शिवाय दर १,००० स्टेपला, डिफॉल्टच आहे, अणूंना जागेप्रमाणे परत लावून घेतात, बॉक्समध्ये जवळ असलेले मेमरीतही जवळ यावेत म्हणून. द्रव पदार्थात अणू भटकत राहतात आणि काही वेळाने रांगेचा पार खिचडा होतो, त्यावर हा उपाय. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला, ओळख आणि जागा वेगळ्या ठेवा. पॉइंटर धरून बसलात की हे सगळे दरवाजे बंद, ना हलवता येत, ना लावता येत, ना एमपीआयवरून (प्रोसेसमध्ये निरोप पाठवायची लायब्ररी) दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवता येत.

ग्रुपचंही असंच हुशारीने केलंय. अणू कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते मास्क नावाच्या एका इंटिजरच्या बिटमध्ये, ग्रुपची वेगळी यादीच नाही, लूपमध्ये एक अँड मारला की कळतं. म्हणून ग्रुप जास्तीत जास्त ३२, त्यातला ऑल आधीच घेतलेला. पुरतात, पण ज्यांना दर रेणूला एक ग्रुप करायचा असतो त्यांचा चेहरा इथे पडतो.

बरं, आता कौतुक पुरे.

एन्कॅप्सुलेशन नावाची गोष्ट इथे जवळपास नाहीच. पॉइंटर्स नावाचा एक बेस क्लास आहे, जवळजवळ सगळे क्लास त्यातून निघतात, आणि त्यामुळे कुणीही उठावं आणि अ‍ॅटमच्या अ‍ॅरेत हात घालावा, सगळं पब्लिक. तुमच्या फिक्सने चुकून फोर्समध्ये काही लिहिलं तर कुणी अडवणार नाही. यामुळे कोड लिहायला सोपा आणि डीबग करायला त्रासाचा होतो, आणि दोन फिक्सचा क्रम बदलला की उत्तर बदलतं अशा भानगडी शोधताना डोक्याला शॉट बसतो. मी स्वतः लिहीन तेव्हा निदान वाचायला कॉन्स्ट देईन आणि लिहायला मोजकेच दरवाजे ठेवीन, स्पीड त्याने कमी होत नाही.

दुसरं, एक्स हा डबल स्टार स्टार आहे. मेमरी सलगच घेतात, त्यामुळे एमपीआयला त्रास नाही, पण वरून एक पॉइंटरचा अ‍ॅरे आहे आणि आय-व्या अणूकडे जायला आधी तो वाचायचा. लॅम्प्सच्या ओपनएमपी (अनेक थ्रेडवर चालणाऱ्या) पॅकेजमध्ये यावर काय केलंय तर त्याच अ‍ॅरेला तीन डबलच्या छोट्या स्ट्रक्टचा पॉइंटर म्हणून कास्ट केलंय, म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला ऑब्जेक्ट मागच्या दाराने आत आला, फक्त २४ बाइटचा होऊन. आज शून्यापासून लिहायचं तर मी थेट तीन डबलच्या स्ट्रक्टचा स्टँडर्ड व्हेक्टर घेईन, कास्टची कसरत नकोच.

तिसरं आणि खरं डोकेदुखीचं, स्वतःच्या फिक्समध्ये दर अणूमागे काही साठवायचं असेल तर. अणू जागा बदलतात, प्रोसेसर बदलतात, म्हणजे तुमचा अ‍ॅरेही त्यांच्याबरोबर हलला पाहिजे, त्यासाठी ग्रो, कॉपी, पॅक, अनपॅक अशी चार-पाच फंक्शन तुम्हीच लिहायची आणि अ‍ॅटमला कॉलबॅक नोंदवायचा. एक जरी राहिलं तर एका प्रोसेसरवर सगळं नीट चालतं आणि चारवर कचरा निघतो, आणि तो कचराही लगेच दिसत नाही. ऑब्जेक्ट असता तर त्याचं सामान त्याच्यासोबतच गेलं असतं ना, तो सोयीचा भाग इथे हाताने भरावा लागतो. साधी गरज असेल तर प्रॉपर्टी-अ‍ॅटम नावाचा तयार फिक्स आहे, नाव द्या, तो बाकीचं सांभाळतो, आधी तो वापरून बघा. अ‍ॅटमच्या स्टाइल्सचं मात्र २०२० च्या सुमारास साफसफाईचं काम झालं, आधी दर स्टाइलला पॅक-अनपॅकची लांबच लांब फंक्शन लिहायला लागायची, आता कुठले अ‍ॅरे हवेत त्यांची नावं दिली की होतं. हाच विचार आपल्या कोडमध्ये पहिल्या दिवसापासून करता येतो, सगळे अ‍ॅरे एका रजिस्टरमध्ये नोंदवा म्हणजे हलवणं, काढणं, सॉर्ट करणं एकाच जागी लिहून भागतं.

बॉन्डचे अ‍ॅरे ठरावीक रुंदीचे आहेत हेही सांगून ठेवते, दर अणूला किती बॉन्ड मावतील ते सुरुवातीलाच ठरतं, रन चालू असताना नवे बॉन्ड बनवणार असाल तर बॉक्स बनवताना किंवा डेटा फाइल वाचताना एक्स्ट्रा जागा मागून घ्यावी लागते.

पायथनवाल्यांसाठी, लॅम्प्सच्या पायथन मॉड्यूलमधून हे अ‍ॅरे थेट नमपाय अ‍ॅरे म्हणून मिळतात, कॉपी न होता, तीच मेमरी. भारी सोय आहे आणि डेटा अ‍ॅरेत ठेवल्याचंच हे फळ, ऑब्जेक्टच्या ढिगातून असं काही काढताच आलं नसतं. फक्त रन झाल्यावर तो परत मागून घ्या, जुना धरून ठेवलात तर मधे अणूंच्या जागा बदललेल्या असतात, कधी मेमरीच दुसरीकडे गेलेली असते.

मग सगळ्यांनी असंच लिहायचं का? नाही हो. ५०० एजंट आहेत, प्रत्येकाचं वागणं वेगळं, प्रत्येकाकडे स्वतःचा इतिहास, मॉडेल आठवड्याला बदलतंय, तर सरळ ऑब्जेक्ट करा, लिस्टमध्ये ठेवा आणि मोकळे व्हा, तिथे कॅश लाइन मोजणं म्हणजे नुसता टाइमपास. पेशी फुटून दोन होतात, आकार बदलतात, तिथेही ऑब्जेक्ट बरे वाटतात, निदान मॉडेल ठरेपर्यंत. गुरुत्वाकर्षणासारखं कटऑफच नसलेलं काम असेल तर खण आणि शेजारी-यादी कामाची नाही, तिथे ट्री लागते, पण तीसुद्धा पॉइंटरऐवजी अ‍ॅरेतल्या नंबरांनी बांधता येते, बिनहेडची युक्ती तिथेही चालते. आणि जीपीयूचा विचार असेल तर कोकोस लायब्ररीतला व्ह्यू नावाचा अ‍ॅरे बघा, तोही सँडियाचाच, त्यात इंडेक्स तोच लिहायचा आणि मेमरीतली मांडणी सीपीयूला वेगळी, जीपीयूला वेगळी ठरवता येते. लॅम्प्समध्ये त्याचं पॅकेज आहे, पण पहिल्या वाचनाला ते घेऊ नका.

माझे स्टार: मांडणीला पाच, क्लासच्या रचनेला चार, सुरक्षिततेला दोन, डॉक्युमेंटेशनला साडेचार (डेव्हलपर गाइडचा भाग आता खरंच चांगला झालाय, आधी सोर्स वाचणं हाच गाइड होता). वाचायला बसणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी अ‍ॅटमची हेडर फाइल, नुसती अ‍ॅरेंची नावं बघायला. मग फिक्स एनव्हीई (दर स्टेपला अणू पुढे सरकवणारा), ती फाइल इतकी छोटी आहे की बसमध्ये फोनवर वाचून होईल. मग पेअर एलजे-कटचं कॉम्प्युट फंक्शन, तिथे j (शेजाऱ्याचा नंबर) घेतल्यावर लगेच त्याला नेबर-मास्क लावलेला दिसेल, गोंधळू नका, शेजाऱ्याच्या नंबरच्या वरच्या दोन बिटमध्ये तो बॉन्डने जोडलेला आहे का हे लपवलेलं असतं, ते काढून घेऊन मग मास्कने नंबर साफ करतात. मग एन-बिन स्टँडर्ड, दोन अ‍ॅरेंची लिंक्ड लिस्ट तिथेच आहे. एन-पेअरच्या फाइल्स सगळ्यात शेवटी.